मानवी पेशी काचेच्या बाटलीत जगवायला शिकवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे कोण होत्या?

नवी मुंबईतलं बोनकोडे गाव कोपरखैरण्याला खेटून आहे. इथून रिक्षानं वाशीच्या सेक्टर १०-ए मध्ये जायला फारसा वेळ लागत नाही. तिथे इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन, म्हणजे महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेचं मुख्यालय आहे. आणखी पुढे खारघरला गेलात तर टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक लागतं. कर्करोगावर उपचार आणि संशोधन करणारं हे केंद्र राज्यभरातल्या पेशंटना माहीत आहे.

या दोन्ही पत्त्यांच्या इतिहासात एक नाव समान आहे. डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलनं त्यांचं डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांची ती १०४ वी जयंती होती. चित्रात त्या मायक्रोस्कोपसोबत दिसत होत्या. स्क्रीनशॉट फिरले, स्टेटस लागले आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडला.

पण त्या चित्रातून एक प्रश्न सुटून गेला. मायक्रोस्कोपखाली बघायला जिवंत पेशी लागते. माणसाच्या शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, मुंबईच्या दमट हवेत ती जिवंत ठेवायची कशी?

हा प्रश्न जुना वाटत असेल तर २०२० आठवा. वुहानमधला अनोळखी विषाणू वेगळा काढायला चिनी शास्त्रज्ञांनी वापरल्या होत्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी. आज अशा पेशी वाढवायच्या म्हटल्या की कोणता इनक्युबेटर, कोणता मायक्रोस्कोप, कोणती कॅबिनेट घ्यायची यावर बैठका होतात, कोटेशनं मागवली जातात. रणदिवेंनी मुंबईत हे काम सुरू केलं तेव्हा निवडायला फारसं काही बाजारात नव्हतंच.

मग त्यांनी काय केलं? तेच आज समजून घेऊ.

टिश्यू कल्चर म्हणजे फक्त केळी नाहीत

महाराष्ट्रात टिश्यू कल्चर म्हटलं की आधी जळगावची केळी आठवतात. रोपाचा छोटा तुकडा घेऊन, निर्जंतुक बाटलीत वाढवून एकसारखी हजारो रोपं तयार करतात, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं.

माणसाच्या पेशींचं तंत्र त्याच घराण्यातलं. फरक एवढाच की वनस्पतीच्या तुकड्यातून अख्खं झाड उभं राहू शकतं. माणसाच्या पेशी मात्र पेशीच राहतात. पण त्या बाटलीत जगल्या, वाढल्या, तर त्यांच्यावर औषध तपासता येतं, विषाणू वाढवता येतो, निरोगी पेशी कर्करोगाची कशी होते ते डोळ्यांनी बघता येतं. तेही जिवंत माणसाला धक्का न लावता.

अडचण अशी की शरीरात पेशीला सगळं आयतं मिळतं. रक्त तिला अन्न आणि ऑक्सिजन पुरवतं, कचरा उचलून नेतं, तापमान सांभाळतं. बाटलीत हे सगळं आपल्याला करावं लागतं. त्यात भर म्हणजे जंतू. अनुकूल वातावरणात काही बॅक्टेरिया २० मिनिटांत दुप्पट होतात. माणसाच्या वेगानं वाढणाऱ्या पेशीलाही दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर जे आपोआप होतं, नेमकं तेच इथे होऊ द्यायचं नसतं. एक चुकार जंतू बाटलीत शिरला की पुढच्या दिवशी महिनाभराची मेहनत गढूळ पाण्यासारखी दिसते.

सीताफळाच्या कुळापासून सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. ज्या काळात मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवणं हीच मोठी गोष्ट मानली जायची, त्या काळात समर्थांच्या घरात मुलींच्या शिक्षणावर भर होता.

वडिलांची इच्छा होती की कमलनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. तिनं दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिनं बीएस्सी केलं. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ मध्ये एमएस्सी केलं. विषय होता ॲनोनेसी कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमधली आनुवंशिकता. नाव अवघड आहे, पण हे कुळ आपल्या परसातलं. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा हे सगळे त्यातलेच.

त्याआधी १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं आणि त्या मुंबईला आल्या होत्या. म्हणजे एमएस्सी झालं ते लग्नानंतर. त्यांच्या या शिक्षणात पतीची मोठी मदत झाली. त्यांना एक मुलगा होता, अनिल. संसार, मूल आणि संशोधन हे तिन्ही एकाच वेळी सांभाळणं त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. पुढे वाशीचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

परळमध्ये भेटले खानोलकर

परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कर्करोगावर उपचार करायचे असतील तर आपल्याकडच्या कर्करोगाचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा, या दिशेनं त्यांचं काम चाललं होतं. यातूनच १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं.

रणदिवेंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. सीताफळाच्या पेशीकडून त्या आता प्राण्यांच्या पेशीकडे आल्या होत्या. उंदरांमधल्या स्तनांच्या कर्करोगावर खानोलकरांसोबत त्यांचं काम चालू होतं. काही घराण्यांतल्या उंदरांना हा आजार जास्त का होतो, त्यात आनुवंशिकतेचा भाग किती, हार्मोन्सचा किती, विषाणूचा किती, हे प्रश्न होते. स्तनांचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या संशोधकांत आज त्यांची गणना होते.

पण उंदीर म्हणजे अख्खं शरीर. त्यात शंभर गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एकेका पेशीचं काय होतं हे बघायचं तर पेशी शरीराबाहेर काढून जगवावी लागणार. खानोलकरांनी त्यांना हे तंत्र शिकायला परदेशी जाण्याचं सुचवलं. फेलोशिप मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला पोहोचल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत.

भंगारातून यंत्र बनवणारा गुरू

जॉर्ज गाय हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण हेला पेशींबद्दल कदाचित ऐकलं असेल. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. शरीराबाहेर सतत वाढत राहणारी ती पहिली मानवी पेशीमालिका. पोलिओ लसीच्या चाचण्यांपासून पुढे कितीतरी संशोधनात ती वापरली गेली. या पेशी घेताना हेन्रिएटा यांना कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

गाय यांची दुसरी ओळख म्हणजे हाताला येईल त्यातून उपकरण बनवणारा माणूस. पेशींसाठीचं माध्यम तेव्हा डब्यात मिळत नव्हतं. कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, वासराच्या गर्भाचा अर्क, बाळंतपणात मिळणारं नाळेतलं रक्त अशा गोष्टी गोळा करून ते प्रयोगशाळेतच तयार करावं लागायचं.

त्यांचं गाजलेलं उपकरण होतं रोलर ड्रम. एका मोठ्या गोल ड्रममध्ये भोकं पाडून त्यात पेशींच्या काचनळ्या बसवायच्या आणि ड्रम अगदी संथपणे फिरवत ठेवायचा. नळी फिरली की पेशी थोडा वेळ द्रवात बुडते, थोडा वेळ हवेत येते. अन्नही मिळतं, ऑक्सिजनही मिळतो. साधी कल्पना, पण तिच्यामागे पेशीला नेमकं काय हवं याचा विचार आहे.

हा ड्रम लक्षात ठेवा. श्वासनलिकेच्या पेशींकडे आलो की तो पुन्हा भेटणार आहे.

मुंबईत परतल्यावर खरी परीक्षा

अमेरिकेत शिकून तिथेच राहणं तेव्हाही शक्य होतं. रणदिवे परतल्या. पुढे परदेशी गेलेल्या भारतीय संशोधकांनीही परत यावं आणि शिकलेलं इथल्या लोकांसाठी वापरावं, असा आग्रह त्या आयुष्यभर धरत राहिल्या.

परळच्या कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्या सीनियर रिसर्च ऑफिसर म्हणून रुजू झाल्या. प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

हा काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. बाहेरून काही मागवायचं तर आयातीचा परवाना हवा, आणि माल बोटीनं येणार. पेशीचं माध्यम मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. पुढची बोट येईपर्यंत पेशी थांबत नाही.

मग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रणदिवेंनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे तरुण सहकारी हाताशी धरले आणि पेशींचं माध्यम व त्याला लागणारी रसायनं इथेच तयार करायला घेतली. हे वाक्य वाचायला सोपं आहे, म्हणून माध्यमात काय असतं ते बघा. ठरावीक प्रमाणात क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं. त्यात प्राण्याच्या रक्तातलं सीरम. पाणी इतकं शुद्ध की त्यात धातूचा अंशही चालत नाही. आम्लता थोडीही घसरली तर पेशी आजारी पडतात, म्हणून फेनॉल रेड नावाचा रंग घालतात. माध्यम लालसर असेल तर ठीक, पिवळं झालं तर आम्ल वाढलं, जांभळट झालं तर उलटं बिघडलं. काचेची भांडी धुताना साबणाचा कण राहिला तरी पेशी मरू शकतात.

अशा कामात यंत्रापेक्षा शिस्त महाग असते. भांडी धुणाऱ्यापासून मायक्रोस्कोपवर बसणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपण काय आणि का करतोय हे माहीत असावं लागतं. रणदिवेंनी माध्यम बनवायला घेतलं म्हणजे खरं तर माणसं तयार करायला घेतली. पुढे कर्करोग कसा सुरू होतो याचा अभ्यास, पेशी जीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती अशा नव्या शाखा त्यांनी संस्थेत सुरू केल्या, आणि १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाची सूत्रंही सांभाळली.

आज श्वासनलिकेच्या पेशी वाढवायच्या तर काय घ्यावं लागेल?

रणदिवेंचं मुख्य काम कर्करोग आणि कुष्ठरोगावरचं. पण पेशी जगवण्याचे नियम अवयव बदलला म्हणून फारसे बदलत नाहीत. समजा आज कोपरखैरणे-महापे पट्ट्यात कुणाला श्वासनलिकेच्या पेशी वाढवणारी प्रयोगशाळा काढायची आहे. यादी साधारण अशी होईल.

पहिली गोष्ट विकत मिळत नाही. ती म्हणजे संमती. पेशी येणार कुणाच्या तरी शरीरातून. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा असेल किंवा नाकातून, श्वासनलिकेतून छोट्या ब्रशनं घेतलेला नमुना. त्यासाठी पेशंटची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी लागते. हेन्रिएटा लॅक्स यांच्या वेळी जे झालं नाही, ते आज आधी करावं लागतं.

दुसरी, काम करण्याची कॅबिनेट. इथे अनेकांची गफलत होते. आडव्या प्रवाहाची स्वस्त लॅमिनार कॅबिनेट गाळलेली हवा नमुन्यावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडते. नमुना सुरक्षित, माणूस नाही. मानवी नमुन्यात जंतू असू शकतो, म्हणून इथे दुसऱ्या वर्गाची बायोसेफ्टी कॅबिनेटच लागते. ती दोघांनाही सांभाळते.

तिसरी, इनक्युबेटर. ३७ अंश तापमान, साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर आर्द्रता. या वायूमुळे माध्यमाची आम्लता जागेवर राहते. पण आर्द्रता म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे आतून नीट पुसता येणारा, स्वतःला उष्णतेनं निर्जंतुक करणारा इनक्युबेटर घेतलेला बरा. त्याच्यासोबत जनरेटरची सोय आणि गॅसचा एक जादा सिलिंडर हवाच. लाइट जाण्यानं फक्त पंखा बंद होत नाही, तीन आठवड्यांचं काम जातं.

चौथी, उलटा मायक्रोस्कोप. पेशी भांड्याच्या तळाला चिकटलेल्या असतात, म्हणून भिंग खालून बघणारं हवं. कॉलेजातला नेहमीचा मायक्रोस्कोप इथे उपयोगाचा नाही. पाचवी, निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह. सहावी, पेशी गोठवून साठवायला द्रव नायट्रोजनची टाकी, जिथे तापमान उणे १९६ अंशांपर्यंत असतं.

आणि आता श्वासनलिकेची खासियत. बाकीच्या पेशी माध्यमात बुडवून ठेवल्या तरी चालतं. श्वासनलिकेच्या अस्तराचं तसं नाही. तिची एक बाजू शरीराकडे, दुसरी हवेकडे. पूर्ण बुडवून ठेवली तर ती जगेल, पण श्वासनलिकेसारखी वागणार नाही.

म्हणून छोट्या कपासारख्या इन्सर्टमध्ये, सूक्ष्म छिद्रं असलेल्या पडद्यावर त्या वाढवतात. छिद्रं बहुधा ०.४ मायक्रॉनची, म्हणजे अन्न वर येईल पण पेशी खाली घसरणार नाही. पेशींनी पडदा झाकला की वरचं माध्यम काढून टाकतात. खालून अन्न, वरून हवा. तीन-चार आठवड्यांत त्यांच्यावर बारीक केसांसारखे तंतू उगवतात, ते लयीत हलू लागतात, चिकट द्रवही तयार होतो. आपल्या घशात रोज धूळ बाहेर ढकलणारी यंत्रणा एका छोट्या कपात चालू होते. पेशींचा थर घट्ट बसला की नाही हे त्याचा विद्युतरोध मोजून कळतं. त्यासाठी वेगळं मीटर मिळतं.

आठवला का तो ड्रम? थोडा वेळ द्रवात, थोडा वेळ हवेत. यंत्र बदललं, पण पेशीची गरज ओळखून उपकरण ठरवायचं हा धडा तोच आहे.

या तंत्राची किंमत जगानं मोजली आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये टायरेल आणि बायनो यांनी सर्दीचा एक हट्टी विषाणू मानवी श्वासनलिकेच्या तुकड्यांवर वाढवला. तो कोरोना कुळातला निघाला. २०२० मध्ये वुहानच्या नमुन्यांनी श्वासनलिकेच्या पेशींवरचे तंतू हलायचे थांबवले, तेव्हा विषाणू हाती लागल्याचं दिसलं. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं भारतातला नमुना माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींवर वाढवला आणि त्याच विषाणूपासून कोव्हॅक्सिन तयार झाली. पेशी बाटलीत वाढवणारे हात देशात नसते, तर आपल्याला विषाणूही बाहेरूनच मागवावा लागला असता.

गालातली सुपारी आणि कुष्ठरोगाचा जंतू

परत परळला येऊ. तयार झालेल्या प्रयोगशाळेतून रणदिवेंनी कोणते प्रश्न हाताळले? जे आपल्या रस्त्यावर होते ते.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट एवढे का? संशय तंबाखू, सुपारी, पानावर होता. रणदिवे आणि सहकाऱ्यांनी हॅम्स्टर या छोट्या प्राण्याच्या गालातल्या पिशवीला सुपारीचे आणि तंबाखूचे अर्क लावून काय होतं ते तपासलं. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत सुपारीही निर्दोष नाही, हे दिसत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ च्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही, असं सांगणारे आजही भेटतात. त्यांना हे जरूर पाठवा.

दुसरा प्रश्न कुष्ठरोगाचा. या रोगाचा जंतू नेहमीच्या माध्यमावर वाढतच नाही, त्यामुळे लस बनवणं अवघड. तो चेतापेशींच्या आसपास राहतो, हे माहीत होतं. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी पेशंटमधून घेतलेला नमुना मानवी चेतापेशींच्या संवर्धनात वाढवून एक जंतू वेगळा काढला. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. पुढे तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या नात्यातला असल्याचं दिसून आलं. तरी त्याच्यापासून तयार केलेली लस डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली पुढे गेली आणि तिच्या मोठ्या चाचण्याही झाल्या. म्हणजे पेशी वाढवता येणं हे फक्त कर्करोगाच्या कामाचं राहिलं नाही.

१९६४ मध्ये रणदिवेंना मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये पद्मभूषण. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

प्रयोगशाळेच्या यादीत पाळणाघर

आता वाशीचा विषय.

१९७३ मध्ये रणदिवे आणि त्यांच्या सहकारी महिला शास्त्रज्ञांनी इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशनची स्थापना केली. तोवर विज्ञान शिकणाऱ्या मुली वाढल्या होत्या, पण शिकून संशोधनात टिकणाऱ्या कमी होत्या. कारण हुशारीचं नव्हतं. पेशी रविवार बघत नाहीत. माध्यम बदलायची वेळ झाली की झाली. घरी तान्हं मूल असेल आणि त्याला बघायला कुणी नसेल, तर इनक्युबेटर कितीही भारी असो, त्या बाईचा प्रयोग तिथेच संपतो.

वाशीच्या मुख्यालयात आज नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे, बालवाडी आहे. संघटना शिष्यवृत्त्या देते. देशभरात तिच्या ११ शाखा आहेत. शास्त्रज्ञांची संघटना म्हटल्यावर परिषदा आणि भाषणं डोळ्यांसमोर येतात. इथे पाळणाघरही आहे, आणि ते अपघातानं नाही.

माध्यम मिळत नाही तर बनवा, हे त्यांनी १९६०च्या दशकात केलं. बाईला संशोधनात टिकायला लागणारी व्यवस्था मिळत नाही तर तीही उभी करा, हे १९७३ मध्ये सुरू केलं. दोन्हीमागचा विचार एकच दिसतो. काम अडतंय ते नेमकं कुठे, हे बघायचं आणि ती वस्तू आधी मिळवायची. मग ती काचेची बाटली असो की पाळणा.

प्रयोगशाळेबाहेरही त्या थांबल्या नाहीत. त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. गावातल्या बायकांना आरोग्यसेवेचं प्रशिक्षण देण्याच्या कामातही त्या होत्या.

मग त्यांच्याकडून आज काय घ्यायचं?

२००१ मध्ये डॉ. कमल रणदिवे यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्यांची कर्करोग संशोधन संस्था परळहून खारघरला आली. तिथल्या नव्या प्रयोगशाळा त्यांना बघायला मिळाल्या नाहीत.

आज नवी मुंबईतल्या औषध कंपन्यांत, ॲक्ट्रेकमध्ये, जीवविज्ञानाच्या प्रयोगशाळांत हजारो तरुण-तरुणी काम करतात. बायोटेक शिकणाऱ्या मुलामुलींना मुलाखतीत पहिला प्रश्न येतो तो बहुतेकदा हाच, की पेशी हाताळता येतात का? माध्यम बाटलीत तयार मिळतं, इन्सर्ट पाकिटात येतात, इनक्युबेटर बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. ही सोय चांगलीच आहे. माध्यम बनवण्यात आयुष्य घालवायची आता गरज नाही.

पण सोयीमुळे एक गोष्ट विसरायला होते. नवीन प्रयोगशाळेचं बजेट आलं की सगळ्यात महाग यंत्र आधी ठरतं. त्याला सांभाळणारा माणूस, त्याचं प्रशिक्षण, दरवर्षीची दुरुस्ती, वीज, गॅस, सीरम यांचा हिशेब नंतर होतो. आणि काम करणाऱ्या बाईचं मूल दिवसभर कुठे राहील, हा प्रश्न तर बजेटच्या कागदावर येतच नाही. मग दोन वर्षांनी यंत्रावर कापड टाकलेलं दिसतं.

रणदिवेंचा क्रम वेगळा होता. आधी पेशीला काय हवं ते शिकल्या. मग ते बनवणारी माणसं घडवली. मग त्या माणसांना, विशेषतः बायकांना, कामावर टिकून राहायला काय लागतं तेही उभं केलं.

तुमच्या ओळखीत कुणी लॅब टेक्निशियन असेल, बायोटेकचं शिकणारी बहीण असेल किंवा मूल झाल्यावर संशोधन सोडायच्या विचारात असलेली मैत्रीण असेल, तर तिला हे नाव नक्की सांगा. आणि वाशीचा तो पत्ताही.